चित्र समजावून सांगणारा भिक्षू

अजिंठ्याच्या सतरा क्रमांकाच्या लेण्याला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज ‘झोडिॲक केव्ह’ म्हणत. ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर एक भलेमोठे चाक रंगवलेले आहे. त्याचा बराच भाग आता झडून गेला असला, तरी आऱ्यांनी पाडलेले कप्पे आणि त्यांत गजबजलेली माणसे अजून ओळखू येतात. गोल आहे, कप्पे आहेत, म्हणजे राशिचक्रच असणार, असा साहेबाचा सरळ हिशेब होता.

तो हिशेब चुकला हे कळायला कुणाला गुप्त लिपी उलगडावी लागली नाही. दार्जिलिंगकडे नोकरीला असलेल्या लॉरेन्स वॉडेल या लष्करी डॉक्टरने तिबेटी मठांच्या दाराशी असलेच चाक पाहिले होते. त्याने लामांना विचारले आणि लामांनी सांगितले. १८९० च्या दशकात त्याने ते छापले, आणि अजिंठ्याचे राशिचक्र भवचक्र, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचे चाक, ठरले. चाकाच्या मध्यात तीन प्राणी असतात : आसक्तीचे कबूतर (तिबेटात त्याचा कोंबडा झाला), द्वेषाचा साप आणि मोहाचे डुक्कर. कप्प्यांत नरक, पशू, प्रेते (भुकेले अतृप्त आत्मे), माणसे, देव. तिबेटी चाकांच्या कडेला बारा छोटी चित्रे फिरत जातात. काठी टेकत चाललेला आंधळा म्हणजे अविद्या, मडकी घडवणारा कुंभार म्हणजे संस्कार, माकड म्हणजे विज्ञान (बौद्धांच्या भाषेत जाणीव), डोळ्यात घुसलेला बाण म्हणजे वेदना (कुठलीही संवेदना), आणि शेवटी खांद्यावरून न्यायचे प्रेत. सगळे चाक ज्या राक्षसाच्या पकडीत आहे, तो म्हणजे अनित्यता. मठात वाढलेल्या पोराला हे पाठ होते. ज्याला आपण गूढ म्हणत होतो, ते शेजारच्या घरात रोजच्या बोलण्यातले होते.

खरी गंमत पुढे आहे. हे चाक कसे काढावे याचे वर्णन ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे, आणि ते का काढावे याची गोष्टही तिथेच आहे. बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन लोकांना नरकापासून देवलोकापर्यंतची हकीगत इतकी छान सांगतो की त्याच्याभोवती गर्दी जमते. तेव्हा बुद्ध म्हणतात, मौद्गल्यायन किंवा त्याच्यासारखा कुणी सगळीकडे असणार नाही, तेव्हा विहाराच्या दाराशी पाच खंडांचे चाक काढा. भिक्षू चाक काढतात. येणारे-जाणारे ब्राह्मण, गृहस्थ विचारतात, ‘आर्य, हे काय काढले आहे?’ भिक्षू उत्तर देतात, ‘भल्या माणसांनो, आम्हालाही ठाऊक नाही.’ मग बुद्ध सांगतात, आल्या-गेल्याला चित्र समजावून सांगायला दाराशी एक भिक्षू नेमा. लगेच नेमणूक होते, पण कुणाचीही : अजाण, अडाणी, हाताला लागेल तो. लोक पुन्हा तसेच गोंधळलेले परत जातात. शेवटी नियम होतो की नेमायचा तो जाणता भिक्षूच नेमावा.

निदान दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात सांस्कृतिक खात्याची अख्खी अडचण आली आहे : चित्र आहे, सांगणारा नाही, सांगणारा नेमला, पण त्याला काही येत नाही.

अभिजात कलेतल्या ‘दडलेल्या अर्थां’विषयी बोलताना मला ही गोष्ट आधी आठवते, कारण तिच्यात एक ठाम भूमिका आहे. चिन्ह काढणाऱ्याला अर्थ दडवायचा नव्हता. चित्र दाराशी काढले, कारण ते सगळ्यांना दिसायला हवे होते. समजावणाऱ्याची नेमणूक हा त्या चित्राचाच भाग होता, जशी रंगाची आणि गिलाव्याची सोय हा चित्राचा भाग होता. आपण भिंत सांभाळली, रंगही जमेल तेवढे वाचवले, आणि समजावणाऱ्याचे पद मात्र रद्द करून टाकले. ते पद पुन्हा भरणे ही सरकारी, सार्वजनिक जबाबदारी आहे, हौशी मंडळींची मेहेरबानी नव्हे, एवढेच मला म्हणायचे आहे.

रिकामी जागा रिकामी राहत नाही, हा अनुभव मोबाईल हातात घेतला की येतो. ‘या शिल्पामागचे रहस्य ऐकून थक्क व्हाल’ अशा मथळ्याखाली मंदिराच्या भिंतीवरचा प्रत्येक व्याल (सिंहासारखा काल्पनिक पशू) डायनोसॉर ठरतो, प्रत्येक गोल वस्तू यंत्र ठरते, आणि शेवटी ‘हे आपल्यापासून लपवून ठेवले’ असा सूर लागतो. कुणी लपवले, ते कधीच सांगत नाहीत. मला या मंडळींचा फार राग येत नाही. लोकांना उत्सुकता आहे, ती खरी आहे, आणि ती भागवायला समोर दुसरे कुणी नाही. राग येतो तो ज्यांच्या ताब्यात ती भिंत आहे त्यांचा.

घारापुरीचे उदाहरण घ्या. गेटवेवरून लाँच पकडून गेला नाही असा मुंबईकर विरळा. मुख्य लेण्यातल्या त्या साडेपाच मीटर उंचीच्या तीन मुखांना आपण सगळे ‘त्रिमूर्ती’ म्हणतो, आणि विचारले तर ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ असे धडाधड सांगतो. शाळेच्या सहलीत हेच ऐकलेले असते. आता शिल्पासमोर पाच मिनिटे नुसते उभे राहा. आपल्या डाव्या हाताचे मुख बघा : भुवया आक्रसलेल्या, मिशा, केसांत कवटी, हाताशी नाग. हा अघोर, भैरवरूप शिव. उजवीकडचे मुख कोवळे आहे, कुरळ्या बटांचे, दागिन्यांचे, हातात कमळ. हा वामदेव, यात उमेचे रूप आहे. मधला चेहरा डोळे मिटल्यासारखा, शांत, आणि त्याच्या हातात म्हाळुंग, लिंबाच्या जातीचे मोठे फळ. हा तत्पुरुष, हेही शिवाचेच रूप. चौथे मुख मागे खडकात आहे असे मानायचे, पाचवे, ईशान, वर, दिसण्यापलीकडे. पंचमुखी सदाशिवाचे हे वर्णन ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या आधारे कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९४० च्या दशकात सविस्तर मांडले. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली.

ब्रह्मा-विष्णू असते तर त्यांची ओळख पटवणारे काहीतरी कोरणाऱ्याने दिले असते. शंख नाही, चक्र नाही, वेद नाही, कमंडलू नाही. इतका कसबी शिल्पी इतके साधे विसरेल? हातात काय आहे ते बघा, हा मूर्तिशास्त्राचा पहिला धडा. त्याला पदवी लागत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले म्हाळुंग कितीतरी बायकांना ठाऊक असते. त्यांच्यातल्या एखादीला घारापुरीच्या मधल्या हाताकडे बोट दाखवून ‘हे काय असेल?’ असे विचारले, तर तिच्या उत्तराची मला जास्त खात्री वाटेल. म्हाळुंग बियांनी भरलेले फळ, त्यात सृष्टीची बीजे, एवढे सांगितले की बाकीचे ती स्वतःच जोडेल. चिन्हांची भाषा पार मेलेली नाही. तिचे तुकडे देवघरांत, जत्रांत, रांगोळीत शिल्लक आहेत. त्या तुकड्यांची आणि शिल्पांची गाठ घालून देणारे कुणी नाही.

यावर एक शंका येईल : त्या काळच्या सामान्य माणसाला तरी हे कळत होते कशावरून? शास्त्र पंडितांचे, डोळे जनतेचे, असे तर नव्हते? शंका रास्त आहे, आणि सगळ्याच ठिकाणी एकच उत्तर लागू पडणार नाही. पण भारहुतचा कठडा आहे. मध्य प्रदेशातल्या या स्तूपाचे अवशेष कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १८७३-७४ मध्ये उकरले आणि त्यातले बरेचसे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. इसवी सनापूर्वीच्या या शिल्पांवर ब्राह्मीत मथळे कोरलेले आहेत. एका वर्तुळात सोडलेल्या गाडीशेजारी बैल बसले आहेत, माणसे जमिनीवर चौकोनी नाणी पसरत आहेत, आणि लिहिले आहे की अनाथपिंडिक या सावकाराने कोटींच्या मोलाने विकत घेतलेले जेतवन हे उपवन दान दिले. जमीन झाकतील एवढी नाणी हा त्या खरेदीचा भाव होता. म्हणून ते चौकोन. दुसऱ्या एका शिल्पात राजा गुडघे टेकून हात जोडतो आहे. कुणापुढे? समोर आसन आहे, पावलांचे ठसे आहेत, वर छत्र आहे, माणूस नाही. मथळा म्हणतो, ‘अजातसतु भगवतो वंदते.’ अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो.

रिकामे आसन आणि पावले म्हणजे भगवान, हे शिल्प स्वतःच सांगते आहे. यात कसले गुपित? दगड घडवणाऱ्याने वाचता येणाऱ्यासाठी अक्षर ठेवले आणि न येणाऱ्यासाठी हात जोडलेला राजा ठेवला.

अर्थात भारहुतवरून सगळा कारभार स्पष्ट झाला असे समजू नका. आरंभीच्या बौद्ध शिल्पांत बुद्ध मानवरूपात का दिसत नाहीत, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. फ्रेंच अभ्यासक फूशे यांनी ही चिन्हे म्हणजे बुद्धांची जागा घेणारी खूण मानली. अमेरिकन कलेतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये म्हटले की पुष्कळ ठिकाणी बुद्धचरित्र दाखवायचेच नाही. तीर्थस्थळी चाललेली पूजा दाखवायची आहे, झाड म्हणजे ते प्रत्यक्षातले झाडच. कलेतिहासकार विद्या देहेजिया यांचे उत्तर असे की एकच चिन्ह बुद्ध, ते स्थळ आणि ती भक्ती असे तिन्ही असू शकते. मला देहेजियांचे म्हणणे पटते, पण ते असो. हा वाद पुराव्यावर चालतो. कोण काय म्हणतो ते सांगता येते, आणि सांगणाऱ्याला खोडून काढता येते. ‘रहस्या’ला खोडून काढता येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

जाणती माणसेही चिन्हांच्या नादाने वाहवत जातात, हेही इथेच कबूल केले पाहिजे. यान फान आइक या युरोपीय चित्रकाराने १४३४ मध्ये रंगवलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एर्विन पानोफस्की या थोर कलेतिहासकाराने १९३४ मध्ये त्यातल्या वस्तू एकेक करून वाचल्या : कुत्रा म्हणजे निष्ठा, एकच जळती मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र भूमी, आणि चित्र म्हणजे जणू लग्नाचा दाखलाच. दोन पिढ्या हे वाचन प्रमाण मानले गेले. मग नव्या अभ्यासकांनी विचारायला सुरुवात केली : पैसेवाल्या व्यापाऱ्याच्या घरी कुत्रा असणार नाही का? चित्रातल्या बाईंचे पोट पुढे दिसते ते गरोदरपण की त्या काळच्या घोळदार कपड्यांची तऱ्हा? आज लग्नाच्या दाखल्याची गोष्ट कुणी फारशी छातीठोकपणे सांगत नाही. विशेष म्हणजे, चिन्हांचा अर्थ लावताना थांबायचे कुठे, हा प्रश्न पानोफस्कीने स्वतःच नंतर विचारला होता, आणि इतिहासाची शिस्त व जमल्यास थोडी व्यवहारबुद्धी एवढेच उत्तर दिले होते.

ही व्यवहारबुद्धी आपल्या गडांवर वापरून पाहा. शिवनेरीवर, रायगडावर शरभाचे शिल्प दिसते : सिंहासारखा काल्पनिक पशू, पंजात हत्ती. गडावर नेणारा कुणीही सांगतो की शरभ म्हणजे स्वराज्य आणि हत्ती म्हणजे आदिलशाही, कुतुबशाही, मोगल वगैरे. ऐकायला झकास वाटते. पण मग लाँचने जंजिऱ्याला जा. तिथेही दरवाज्यावर तोच पशू, तेच हत्ती. आणि तिथला माणूस सांगतो की हा सिद्दी शत्रूंना बजावतो आहे. म्हणजे ज्याने जंजिरा घेण्याची शर्थ केली तो आणि ज्याने तो दिला नाही तो, दोघांच्या दारावर एकच खूण. सिंहाखाली दबलेला हत्ती त्याच्याही आधी कितीतरी शतके देवळांच्या भिंतींवर आहे. तेव्हा ही दख्खनच्या सत्तेची सामाईक भाषा आहे; प्रत्येक हत्तीला शत्रूचे नाव चिकटवणे हे नंतरचे काम. माझ्या मते खरा अर्थ या गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार आहे. हाडवैरी एकाच चिन्हात बोलत होते, हे कळल्याने शिवरायांचा मान कुठेही उणावत नाही.

समजावून सांगितले की सौंदर्य मरते, असाही एक आक्षेप असतो, विशेषतः चित्रकारांकडून. रेषा बघा, रंग बघा, अर्थ सोडा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व बघताना मलाही त्याच्या हातातल्या कमळाचा अर्थ आधी आठवत नाही, त्याची झुकलेली पापणी दिसते. पण ज्ञानेश्वरीच्या ओवीचा अर्थ लागला म्हणून ओवी बेचव झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही. या आक्षेपावर याहून जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

गंभीर आक्षेप दुसरा आहे. सरकारने अर्थ सांगायला घेतला की एकच सरकारी अर्थ उरेल. कुठल्या पक्षाचे सरकार आहे त्यावर शरभाच्या पंजातला हत्ती बदलेल. ही भीती खोटी नाही. भाजे लेण्यातल्या ओसरीचे शिल्प घ्या. चार घोड्यांचा रथ आणि हत्तीवरचा स्वार, म्हणजे सूर्य आणि इंद्र, असे बरीच वर्षे सांगितले जाते. काही अभ्यासकांनी त्यात बौद्ध ग्रंथांतली चक्रवर्ती मांधात्याची कथा वाचली. बौद्ध लेण्यात वैदिक देव की बौद्ध राजा, हा आज नुसता कलेतिहासाचा प्रश्न राहत नाही, हे सांगायला नको. म्हणूनच फलकावर दोन्ही मते लिहावीत, आधारासकट. वाद आहे म्हणून फलकच नको, हा पळपुटेपणा झाला. त्याने वाद मिटत नाही, फक्त व्हॉट्सॲपकडे जातो.

आणि फलक लावायला आपण काही लाजतो अशातला भाग नाही. प्रत्येक संरक्षित स्मारकाच्या दाराशी निळा फलक असतो : १९५८ च्या कायद्यान्वये हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून त्याची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. आत गेल्यावर, असलाच, तर दुसरा फलक : शतक, राजवंश, लांबी, रुंदी. मूर्तीच्या हातात काय आहे, ते का आहे, याबद्दल चकार शब्द नसतो. काय केले तर शिक्षा होईल ते कळते. काय बघायचे ते कळत नाही.

आपल्या पूर्वजांचे शिक्षेचे फलक याहून बोलके होते. शिलाहार-यादव काळातल्या गद्धेगाळी कोकणात आणि देशावर जागोजाग उभ्या आहेत. वर सूर्य-चंद्र, मधे कधी दानाचा मजकूर, खाली बाईवर चढलेले गाढव. दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईला उद्देशून ही शिवी आहे, आणि ती अक्षरशत्रूलाही लांबून वाचता यावी म्हणून चित्रात आहे. चंद्र-सूर्य असेतो हे दान टिकेल, ही वरची मुदत. मुंबईतल्या परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा ११८७ चा लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा शाप मात्र मराठीत. दान कुणी दिले ते विद्वानांनी वाचावे, शिवी मात्र सगळ्या गावाला पोचली पाहिजे! शिवीचा बोजा इथेही बाईवरच, हेही फलकावर लिहायला हरकत नाही. कलेचा इतिहास म्हणजे आरती नव्हे.

आज यातल्या कित्येक दगडांना शेंदूर फासलेला दिसतो. शिवीची देवी झाली. वीरगळांचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे, तेच : खालच्या चौकटीत गुरे आणि झुंज, मधे अप्सरा वीराला उचलून नेताहेत, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावची गुरे सोडवताना पडलेल्या माणसाची ती गोष्ट, खालून वर वाचायची. त्याच्याच गावात त्याला आता म्हसोबा म्हणतात, किंवा रस्तारुंदीत जेसीबीने बाजूला सारतात. लोकांनी पूजा करावी, माझी काही तक्रार नाही. पूजेमुळेच पुष्कळ दगड वाचले. पण पूजा करणाऱ्याला आपण कुणाला हात जोडतो हे कळले, तर तो दगड जेसीबीपुढे जास्त टिकेल असे मला वाटते.

पैसा नाही, हे कारण मला सांगू नका. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जाच्या मदतीने कोट्यवधी रुपये घालून अभ्यागत केंद्र उभारले, त्यात १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. २०१३ मध्ये ते सुरू झाले, आणि काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले. इमारतीला पैसा मिळतो, कारण इमारतीचे उद्घाटन होते. जाणत्या माणसाच्या पगाराचे उद्घाटन करता येत नाही.

करायचे काम तसे साधे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या शिल्पाशेजारी मराठी फलक लावावा : समोर काय दिसते, कुठल्या ग्रंथाच्या किंवा लेखाच्या आधारे काय मानले जाते, कुठे मतभेद आहेत. फर्दापूर (अजिंठ्याजवळचे गाव), घारापुरी, वेरूळ इथली जी पोरे आज हार, पुस्तके आणि कैऱ्या विकतात, त्यांतल्या इच्छुकांना मूर्तिशास्त्र शिकवून, परीक्षा घेऊन, पगारावर नेमावे. त्यांना गाव माहीत आहे, पर्यटकांच्या चार भाषा येतात, आणि ती रोज तिथेच असतात. पुरातत्त्वाचे पदवीधर विद्यापीठांतून बाहेर पडून बँकेच्या परीक्षा देत बसतात, त्यांतले काही शिकवायला मिळतील. गावकुसाबाहेरच्या वीरगळांचे आणि गद्धेगाळींचे तर त्याहून सोपे. त्यांतले बहुतेक कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत, म्हणजे दिल्लीची परवानगी काढत बसायला नको. ग्रामपंचायतीने ठराव करावा, शाळेतल्या पोरांकडून दगड मोजून घ्यावेत, फोटो काढावेत, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या मास्तरांकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. शेंदूर खरवडायचा नाही, दगड हलवायचा नाही. शेजारी फलक रोवला की झाले.